धंदा सुरू केला, हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं?
(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच वाक्याभोवती फिरतायत, 'मी धंदा सुरू केला'. कुणाला ते बँकेला सांगायचंय, कुणाला पत्रिकेवर छापायचंय, कुणाला बाहेरच्या व्यापाऱ्याला. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्रच घेतलेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम आपल्याच लिपीत दिली आहेत, मोठ्याने वाचून बघा, वाचल्यावर ती कानात बसतात.

प्रश्न, चोपडा तालुक्यातून: मॅडम, माझं बी.कॉम. झालंय, घरची केळी आहे. २०२२ मध्ये घरामागच्या शेडमध्ये केळीचे वेफर्स बनवायला लागलो. आता पॅकिंगचं मशीन घ्यायचं म्हणून बँकेत मुद्रा लोनचा अर्ज दिला आणि सोबत इंग्रजीत एक पान लिहून दिलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'आय हॅव स्टार्टेड अ स्टार्टअप ऑफ बनाना वेफर्स फ्रॉम २०२२'. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, हे स्टार्टअप आहे का साधा बिझनेस आहे, आणि चालू आहे का अजून चालू करायचाय? मी गोंधळून गेलो. चुकलं काय ते सांगा. आणि 'स्टार्ट अ बिझनेस', 'स्टार्ट अप अ बिझनेस', 'सेट अप अ बिझनेस' यातलं बरोबर कुठलं?

उत्तर: भाऊ, शेवटचं आधी सांगते, तिन्ही बरोबर आहेत. 'स्टार्ट अ बिझनेस' सगळ्यात साधं आणि कुठेही चालतं. 'स्टार्ट अप अ बिझनेस' म्हणजेही तेच, फक्त 'अप'मुळे थोडं जास्त जाणवतं की आधी काही नव्हतं आणि आता ते चालायला लागलं, विहिरीवरची मोटर चालू करण्यालासुद्धा इंग्रजीत 'स्टार्ट अप' म्हणतात. 'सेट अप'मध्ये मांडणीचा भाग येतो, म्हणजे जागा बघितली, लायसन काढलं, मशीन बसवलं, खातं उघडलं. तुम्ही शेडमध्ये कढई लावली तो दिवस 'स्टार्टेड', आणि त्याच्या आधी महिनाभर जी धावपळ केली असेल ती 'सेटिंग अप'. बँकेच्या कागदावर दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरता येतात.

आता 'स्टार्टअप'. तोडून लिहिलं, 'स्टार्ट अप', तर ते क्रियापद, काहीतरी सुरू करणं. जोडून लिहिलं, 'स्टार्टअप', तर ते नाम, एका विशिष्ट प्रकारच्या कंपनीचं नाव. बोलतानाही फरक पडतो, नाम असेल तर जोर 'स्टार्ट'वर, क्रियापद असेल तर 'अप'ही ठसठशीत ऐकू येतो. नवीन कंपनी या अर्थाने हा शब्द अमेरिकेत १९७०च्या दशकात वापरात आला आणि तो आला तेव्हापासूनच त्याच्यामागे एक कल्पना आहे, काहीतरी नवं करून बघणारी, पटकन मोठी व्हायचं ठरवूनच निघालेली कंपनी. आपल्याकडे १६ जानेवारी २०१६ला स्टार्टअप इंडिया योजना आली तेव्हापासून त्याला सरकारी अर्थही चिकटला. २०१९च्या अधिसूचनेत त्याच्या अटी अशा होत्या, कंपनी स्थापन होऊन १० वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, कुठल्याही वर्षी उलाढाल १०० कोटींच्या वर गेलेली नको, आणि कामात नावीन्य किंवा मोठं होण्याची, रोजगार देण्याची ताकद पाहिजे. शिवाय ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणी केलेली भागीदारी असायला हवी होती. एकट्याच्या नावावर चालणारा, म्हणजे प्रोप्रायटरशिपचा धंदा त्यात बसत नाही.

म्हणून साहेबांनी तो प्रश्न विचारला, त्यात तुम्हाला कमी लेखण्याचा भाग नसावा. बँकेच्या माणसाने 'स्टार्टअप' वाचलं की त्याच्या डोक्यात कागदांची वेगळी यादी येते. तुमचा धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो बिझनेस आहे, आणि तसं लिहिण्यात कमीपणा अजिबात नाही. हल्ली चहाच्या टपरीपासून कोचिंग क्लासपर्यंत सगळ्याला स्टार्टअप म्हणायची पद्धत पडलीय, मित्रांमध्ये बोलताना म्हणा ना, कोण अडवतंय, पण जिथे सही करायची त्या कागदावर नको.

दुसरा घोळ काळाचा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. 'आय हॅव स्टार्टेड' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं हे आत्ता-आत्ताच झालंय. त्याच वाक्यात २०२२ टाकलं की ते वाक्य दोन्हीकडे ओढलं जातं. वर्ष सांगायचं असेल तर साधा भूतकाळ, 'आय स्टार्टेड अ बनाना चिप्स बिझनेस इन २०२२'. 'इन' बरं का, 'फ्रॉम' नाही. आपण मराठीत 'दोन हजार बावीसपासून' म्हणतो म्हणून हात आपोआप 'फ्रॉम' लिहितो. आणि तेव्हा सुरू केला आणि आजही चालू आहे हे सांगायचं असेल तर 'आय हॅव बीन रनिंग अ बनाना चिप्स बिझनेस सिन्स २०२२'. बँकेला हे दुसरं वाक्य पाहिजे असतं. पहिल्या वाक्यातून धंदा आज चालू आहे का बंद पडलाय ते कळत नाही, दुसऱ्यातून कळतं. साहेबांचा दुसरा प्रश्न बरोब्बर इथूनच आला.

'बिझनेस ऑफ', 'स्टार्टअप ऑफ' हेही सोडा. मालाचं नाव पुढे आणि बिझनेस मागे, 'बनाना चिप्स बिझनेस', 'डाळ मिल बिझनेस', 'ड्रिप इरिगेशन बिझनेस'. वेफर्स लिहिलं तरी आपल्या बँकेत कळतं, पण माल बाहेर पाठवायचा विचार असेल तर 'चिप्स' लिहा, बाहेर 'वेफर' म्हटलं की लोकांना क्रीमचं बिस्कीट आठवतं.

मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. मशीनची किंमत बघून कुठला गट ते त्याच पानावर लिहून टाका, म्हणजे पान पूर्ण होईल. मी असं लिहिलं असतं: 'आय हॅव बीन रनिंग अ बनाना चिप्स बिझनेस सिन्स २०२२. आय नाऊ वाँट टू एक्स्पांड इट अँड नीड अ लोन फॉर अ पॅकिंग मशीन.' एवढं बास आहे.

प्रश्न, अमळनेरहून, कॉलेजची विद्यार्थिनी: आमच्या सेमिनारला 'बिझनेसेस दॅट स्टार्टेड इन खान्देश' असा विषय आहे. मी लिहिलं, 'अझीम प्रेमजी स्टार्टेड विप्रो इन अमळनेर'. मैत्रीण म्हणते 'फाऊंड' लिही, ते जास्त चांगलं दिसतं. मग मी 'अझीम प्रेमजी फाऊंड विप्रो इन अमळनेर' केलं. सरांनी त्याला लाल गोल केला आणि काहीच सांगितलं नाही.

उत्तर: ताई, विषय छान निवडलास. तुझ्याच गावची गोष्ट आहे तर ती नीट सांगू या, कारण यात इंग्रजीही चुकलंय आणि इतिहासही.

आधी इतिहास. २९ डिसेंबर १९४५ला अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली, वनस्पती तूप आणि तेल बनवणारी, तीच पुढे विप्रो झाली. ती स्थापन केली मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी, म्हणजे अझीम प्रेमजींच्या वडिलांनी. १९६६मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते, वय २१, ते परत आले आणि कंपनी हातात घेतली. कॉम्प्युटरचं काम त्यांनी पुढे सुरू केलं. म्हणजे कंपनी सुरू करणारे वेगळे आणि तिला आजच्या रूपात नेणारे वेगळे, आणि इंग्रजीत या दोघांसाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत.

वडिलांसाठी 'फाऊंडेड'. मूळ क्रियापद 'फाऊंड', म्हणजे स्थापन करणं, त्याचा भूतकाळ 'फाऊंडेड'. तू जे 'फाऊंड' लिहिलंस तो 'फाइंड'चा भूतकाळ झाला, म्हणजे प्रेमजींना अमळनेरला विप्रो सापडली असा अर्थ निघतो. सरांचा लाल गोल त्यासाठीच असणार. 'हिज फादर फाऊंडेड द कंपनी इन अमळनेर इन १९४५', हे बरोबर.

मुलासाठी 'टुक ओव्हर'. 'अझीम प्रेमजी टुक ओव्हर द कंपनी इन १९६६ अँड लेटर टुक इट इंटू कम्प्युटर्स.' मागे एका पोराने मला 'आय ओव्हरटुक माय फादर्स शॉप' असं लिहून पाठवलं होतं. 'ओव्हरटेक' म्हणजे गाडीने पुढे जाणं, हे शब्द उलटे करायचे नाहीत. आणि 'टेक ओव्हर'ला 'फ्रॉम' जोडलं की अजून स्वच्छ होतं, 'आय टुक ओव्हर द शॉप फ्रॉम माय फादर'. नाहीतर मोठ्या कंपनीने छोटी कंपनी विकत घेणं, असाही त्याचा अर्थ होतो.

तुझ्या सेमिनारला अजून एक नाव घेता येईल. जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली, आणि पुढे ठिबक सिंचनाचा केवढा मोठा उद्योग उभा राहिला ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. इथे 'फाऊंडेड'च्या आधी एक सुंदर वाक्प्रयोग बसतो, 'ही स्टार्टेड आऊट सेलिंग केरोसीन'. 'स्टार्ट आऊट' म्हणजे आयुष्याची किंवा धंद्याची पहिली पायरी, जिथून निघालो ते, पुढे कुठे पोचलो ते वेगळं. 'स्टार्ट अप' आणि 'स्टार्ट आऊट' यांची गल्लत करू नको, 'आऊट'च्या मागे कंपनीचं नाव येत नाही, काम येतं.

आणि 'फाऊंडेड' हा भारदस्त शब्द आहे. कॉलेज, संस्था, मोठी कंपनी, तिथे शोभतो. आजोबांच्या किराणा दुकानाला 'ओपन्ड' किंवा 'स्टार्टेड' म्हण, तेच घरचं वाटतं.

प्रश्न, धुळ्याहून, फ्लेक्स छापणारे: आमच्याकडे दुकानांचे बोर्ड, उद्घाटनाचे बॅनर, पत्रिका सगळं छापायला येतं. गिऱ्हाईक लिहून देतं तेच आम्ही छापतो पण मनात शंका राहते. 'सिन्स १९८५', 'एस्टाब्लिश्ड सिन्स १९८५', 'नाऊ ओपन्ड', आणि पत्रिकेवर 'इनॉगरेशन अ‍ॅट द हँड्स ऑफ' अमुक तमुक साहेब. यात काय ठेवू आणि काय बदलू?

उत्तर: दादा, तुमच्या हातून रोज किती बोर्ड जातात आणि ते वर्षानुवर्षं रस्त्यावर राहतात, तुम्ही हे विचारलंत याचं मला खरंच बरं वाटलं.

बोर्डावर नुसतं 'सिन्स १९८५' चालतं, जगभर चालतं. 'एस्टाब्लिश्ड १९८५'ही चालतं. दोन्ही एकत्र मात्र नको, कारण 'एस्टाब्लिश्ड' एकदाच झालं, आणि 'सिन्स' म्हणजे तेव्हापासून सतत. त्यातला कुठलाही एक ठेवा. 'स्टार्टेड सिन्स'चंही तसंच, 'स्टार्टेड इन १९८५' किंवा 'रनिंग सिन्स १९८५'.

'नाऊ ओपन्ड'च्या जागी 'नाऊ ओपन'. दुकान उघडण्याची क्रिया झाली ती 'ओपन्ड', पण दुकान उघडं आहे, या, हे सांगायला 'ओपन'च. 'ओपनिंग शॉर्टली' चुकीचं नाही, 'ओपनिंग सून' जास्त सोपं.

आता ते 'अ‍ॅट द हँड्स ऑफ', हे मात्र कृपा करून छापू नका. आपण 'यांच्या शुभहस्ते' म्हणतो त्याचा हा शब्दाला शब्द उतारा आहे आणि इंग्रजीत त्याचा अर्थ भलताच होतो. 'डिफीट अ‍ॅट द हँड्स ऑफ', 'सफर्ड अ‍ॅट द हँड्स ऑफ', म्हणजे कुणाकडून तरी मार खाल्ला, हाल झाले, पराभव झाला, अशा ठिकाणी तो येतो. आमदार साहेबांच्या हातून दुकानाचे हाल झाले असं कुणाला छापायचंय? सरळ 'बाय' लिहा, 'द शॉप विल बी इनॉगरेटेड बाय' आणि पुढे नाव. जागा कमी असेल तर 'इनॉगरेशन बाय'. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर त्याला सांगा की मग मराठीतच छापू, 'शुभहस्ते' इतका चांगला शब्द आपल्याकडे असताना त्याचं तोडकं इंग्रजी कशाला.

'लाँच' कधी वापरायचं असंही तुम्ही खाली विचारलंय. दुकानाचं 'ओपनिंग', मालाचं किंवा ब्रँडचं 'लाँच'. नवा मसाला बाजारात आणला तर लाँच, मसाल्याचं दुकान काढलं तर ओपनिंग.

प्रश्न, नंदुरबारहून, मिरचीचे व्यापारी: आमची मिरची वाळवायची पथारी आहे, माल गुजरातमध्ये आणि दिल्लीकडे जातो. फोनवर हिंदी चालते पण आता काही पार्ट्या इंग्रजीत मेल मागतात. मी लिहितो 'आय अ‍ॅम डुइंग बिझनेस ऑफ रेड चिली'. पोरगा म्हणतो चूक आहे. शिवाय यंदापासून मेहुण्यासोबत काम सुरू केलंय, तेही कळवायचंय.

उत्तर: नाना, 'डुइंग बिझनेस' भारतात सगळे म्हणतात आणि सगळ्यांना समजतं, त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. पण मेल जिथे जातोय तिथे पहिल्या ओळीतच विश्वास बसला पाहिजे, म्हणून त्यापेक्षा नेमकं लिहू. 'वी ट्रेड इन ड्राय रेड चिलीज' किंवा 'वी डील इन ड्राय रेड चिलीज'. दोन्हीत 'इन' महत्त्वाचं. 'डील विथ' केलं की ते माणसांशी किंवा अडचणींशी होतं. थोडं ऐसपैस सांगायचं असेल तर 'वी आर इन द चिली बिझनेस', आणि वर्ष माहीत असेल तर 'वी हॅव बीन इन द चिली बिझनेस सिन्स' अमुक.

मेहुण्यांचं मात्र जपून. इथे दोन वाक्यं दिसायला सारखी आहेत आणि अर्थ फार लांबलांबचे आहेत. 'आय डू बिझनेस विथ माय ब्रदर-इन-लॉ' म्हणजे तुमच्यात देवघेव आहे, तुम्ही त्यांना माल देता किंवा त्यांच्याकडून घेता, तुमचा धंदा तुमचा, त्यांचा त्यांचा. 'आय हॅव गॉन इंटू बिझनेस विथ माय ब्रदर-इन-लॉ' म्हणजे दोघं भागीदार झालात, एकाच धंद्यात. समोरच्या पार्टीला कळवताना दुसरं लिहिलं तर ती उद्या मेहुण्यांकडेही पैसे मागेल किंवा त्यांच्या शब्दावर माल धरेल, आणि त्यात तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. भागीदारी झाली असेल आणि तसा कागद केला असेल तर खुशाल 'गॉन इंटू बिझनेस' लिहा. नुसतं मदतीला आले असतील तर 'माय ब्रदर-इन-लॉ नाऊ वर्क्स विथ मी'.

'गो इंटू बिझनेस'मध्ये 'अ' येत नाही हेही लक्षात असू द्या. 'स्टार्ट'च्या मागे 'अ बिझनेस', 'गो इंटू'च्या मागे नुसतं 'बिझनेस'. कारण 'अ बिझनेस' म्हणजे एक धंदा, मोजता येणारी गोष्ट, आपलं दुकान, आपली पेढी. 'अ' काढला की तो व्यापार या सगळ्या प्रकाराचं नाव होतो. 'आय वाँट टू स्टार्ट बिझनेस' असं आपली पोरं सगळीकडे लिहितात, मुलाखतीतही बोलतात, तिथे तो बारीकसा 'अ' राहून जातो. तुमच्या पोराला हे दाखवा, त्याने तुम्हाला अडवलं ते चांगल्यासाठीच अडवलंय.

प्रश्न, यावल तालुक्यातून: ताई, मी घरी उडदाचे पापड, बिबडे, कुरडया करते, आता गल्लीतल्या आणखी बाया सोबत आहेत, आम्ही बचत गट केला. एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या आहेत. मला लिहायचंय की शून्यातून उभं केलं. मुलीने 'स्टार्टेड फ्रॉम झिरो' लिहिलं, आणि माझ्या नावापुढे 'हाऊसवाईफ' लिहिलं. मला ते वाचून कसंतरीच झालं.

उत्तर: ताई, कसंतरी झालं ते बरोबरच आहे. उन्हाळाभर गच्चीवर पापड वाळत घालून, ऑर्डरी घेऊन, हिशोब ठेवून जी बाई चार घरांत पैसे आणते तिच्या नावापुढे नुसतं 'हाऊसवाईफ' नको. 'आय रन अ पापड बिझनेस फ्रॉम होम.' हे 'रन' फार कामाचं आहे, एकदा सुरू केलं ते 'स्टार्ट', रोज चालवतेय ते 'रन'. आणि आता गट आहे तर 'आय' काढून 'वी' करा, 'वी आर अ सेल्फ-हेल्प ग्रुप अँड वी रन अ पापड बिझनेस'.

'फ्रॉम झिरो' समजेल, पण इंग्रजीत त्याला रुळलेला शब्द आहे, 'फ्रॉम स्क्रॅच'. 'वी स्टार्टेड इट फ्रॉम स्क्रॅच.' स्क्रॅच म्हणजे इथे ओरखडा नाही. पूर्वी शर्यतीत जमिनीवर रेघ ओढायचे ती स्क्रॅच. काही स्पर्धकांना सवलत म्हणून रेघेच्या पुढून सोडायचे, आणि ज्याला कसलीच सवलत नाही तो थेट रेघेवरून पळायचा. तिथून हा वाक्प्रयोग आला, कुणाचा आधार नाही, आयतं काही हाताशी नाही, पहिल्यापासून सगळं आपण केलं. त्याच्या आत 'द' टाकू नका, 'फ्रॉम द स्क्रॅच' असं आपल्याकडे खूप ऐकू येतं, ते चूक आहे.

गंमत अशी की स्वयंपाकातही हाच शब्द आहे. तयार पीठ आणून केलं तर ते 'फ्रॉम स्क्रॅच' नाही. डाळ दळून, लाटून, वाळवून केलं तर ते 'मेड फ्रॉम स्क्रॅच'. तुमच्याकडे धंदाही तसाच आणि मालही तसाच, तर दोन्हीकडे लिहा, प्रदर्शनात येणाऱ्या माणसाला हे वाचायला आवडतं. फक्त ज्यांच्याकडे बापजाद्यांची गिरणी, गिऱ्हाईक, भांडवल आधीच होतं त्यांनी हा शब्द वापरू नये असं मला मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी वर सांगितलेलं 'टुक ओव्हर' आहे.

पापड, बिबडे, कुरडया ही नावं तशीच ठेवा. मुलीला म्हणावं बिबड्याला इंग्रजी नाव शोधत बसू नको, त्याच्यापुढे ते ज्वारीचं आहे एवढं लिही.

प्रश्न, जळगावहून, सीएच्या ऑफिसात काम करणारा: लोकांचे उद्यमचे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, फॉर्म भरतो. तिथे 'इन्कॉर्पोरेशन'ची तारीख आणि 'कमेन्समेंट'ची तारीख अशा दोन तारखा असतात. लोक विचारतात यात धंदा सुरू केल्याची तारीख कुठली? आणि मी मेलमध्ये 'वी सेटअप युवर बिझनेस', 'वी सेटेड अप' असं लिहितो, ते चालेल का?

उत्तर: मेलचं आधी, कारण ते लहान आहे. 'सेट'चा भूतकाळ 'सेट'च, 'सेटेड' असा शब्द नाही. 'वी सेट अप हिज बिझनेस लास्ट इयर.' क्रियापद तोडून 'सेट अप', नाम जोडून 'सेटअप', अगदी 'स्टार्टअप'सारखंच. आणि 'इट' वापरलं तर ते मध्ये घाला, 'वी सेट इट अप', 'सेट अप इट' होत नाही. तुमच्या जाहिरातीत 'वी विल हेल्प यू सेट अप युवर बिझनेस' बसेल.

आता तारखा. 'इन्कॉर्पोरेशन' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जन्म, कंपनी किंवा एलएलपी नोंदली गेली तो दिवस, सर्टिफिकेटवर असतो तो. 'कमेन्समेंट' म्हणजे काम खरंच चालू झालं तो दिवस, पहिला माल निघाला, पहिलं गिऱ्हाईक आलं. 'कमेन्स' हा 'स्टार्ट'चाच कागदोपत्री भाऊ आहे, बोलताना कुणी वापरत नाही, फॉर्मवर मात्र तोच. लोक ज्याला 'धंदा सुरू केला' म्हणतात ती तारीख बहुतेक वेळा कमेन्समेंटची. कंपनीच्या बाबतीत कायद्यानेही हा फरक धरलाय, भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीला नोंदल्यापासून १८० दिवसांत 'कमेन्समेंट ऑफ बिझनेस'चं डिक्लेरेशन भरावं लागतं, त्या फॉर्मचं नाव तुमच्या साहेबांच्या तोंडपाठ असेल, आयएनसी-२०ए.

प्रोप्रायटर असेल तर त्याचा धंदा 'इन्कॉर्पोरेट' झालेलाच नसतो. म्हणून त्याला बोलताना किंवा मेलमध्ये 'युवर कंपनी' म्हणू नका, 'युवर बिझनेस' म्हणा, 'युवर फर्म' म्हणा. फॉर्ममध्ये इन्कॉर्पोरेशनच्या सोबत रजिस्ट्रेशन असंही लिहिलेलं असतं, तिथे त्याची जी पहिली नोंदणी असेल तिची तारीख येते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून आहे आणि ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे, हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा, तुम्ही घेता ते फॉर्म भरण्याच्या कामाचे पैसे. आणि कमेन्समेंटची तारीख विचारल्यावर तो 'असंल दोन-तीन वर्षं' म्हणाला तर अंदाजाने टाकू नका, पहिलं बिल, पहिली लाइट किंवा भाड्याची पावती, चालू खातं उघडल्याची तारीख, यातलं काहीतरी एक त्याला घरून आणायला सांगा, कारण उद्या बँक त्याच तारखेवरून त्याला विचारणार आहे.